तिसरी बोट

"वा," मागून कुशल म्हणाला.

बोट चालवणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. नजर समोर, हात स्टिअरिंगवर, आणि मागचं जे काही दिसेल ते काचेवर बसवलेल्या आरशात. नागसेनने आरशात बघितलं. उन्नती तिथे करंगळीएवढी दिसत होती. निळं जॅकेट, वाकलेले गुडघे, पायांखाली स्कीची पट्टी आणि शेजारी उडणारं पांढरं पाणी. त्यात 'वा' म्हणण्यासारखं काय घडलं हे करंगळीएवढ्या मुलीवरून कळत नव्हतं.

"काय झालं जी?" त्याने विचारलं.

"काही नाही काका. तुम्ही फक्त सरळ ठेवा."

सरळ ठेवा! नागसेनच्या मस्तकात तिडीक गेली. पारशिवनीजवळच्या या जलाशयावर तो बोट चालवत होता तेव्हा हा कुशल उमरेडला शाळेत पाटी फोडत असेल. पाण्याखाली बुडालेल्या सागांचे खुंट कुठे आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुठून जायचं नाही, वारा मंदिराकडून सुटला की लाट कशी येते, हे सगळं नागसेनला घरच्या माजघरासारखं ठाऊक. आणि हा म्हणतो, सरळ ठेवा.

पाण्यावर माणूस ओढायचा तर बोटीत दोघं लागतात, असा नियम आहे. एक चालवणारा आणि एक मागे तोंड करून बसणारा. मागचा सांगत राहतो: उठली, डावीकडे गेली, पडली, थांबवा. आधी ही मागची जागा दीपमालाची होती. दीपमाला म्हणजे उन्नतीची आई. जलक्रीडा केंद्राच्या तिकिटाच्या खिडकीत बसायची. सोमवारी केंद्र बंद असायचं, पण इंजिन अधूनमधून फिरवावं लागतं, म्हणून नागसेन बोट काढायचा आणि दीपमालाची पोर काठावरून टक लावून बघायची. एका सोमवारी त्याने तिला विचारलं, "येतं का वं?" आणि ती जॅकेट घालूनच उभी होती. तिथून सुरुवात. नागसेन स्वतः कधी पट्ट्यांवर उभा राहिला नव्हता, पण दोर हळूहळू कसा ताणायचा, बसलेली पोर पाण्यातून झटका न बसता उभी कशी करायची, हे त्याच्या हातात होतं. मागून दीपमाला ओरडून सांगायची, "भाऊ, उठली! भाऊ, हसून राहिली!" आणि नागसेन समोर बघत हसायचा. उन्नती कशी दिसते ते त्याला दीपमालाच्या तोंडून कळायचं, आणि तेवढं त्याला पुरायचं.

मग मागच्या दिवाळीनंतर कुशल आला. गोव्यात शिकलेला, भोपाळला स्पर्धा खेळलेला. केंद्राचे मालक बाबारावजी यांनी त्याला प्रशिक्षक म्हणून ठेवलं आणि दीपमाला खिडकीत परत गेली. आता मागे तोंड करून कुशल बसायचा. तो ओरडून काही सांगायचा नाही. हाताने खुणा करायचा, उन्नती तिकडून मान हलवायची, आणि त्या दोघांचं नागसेनच्या पाठीमागे जे काही चालायचं त्यातलं फक्त 'वा' त्याच्या कानावर पडायचं.

नागसेनला कुशलचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, जेवताना घास अडकेल इतका. केंद्रावरच्या बाकीच्या पोरांना तो अरे-तुरे करी. कुशलला मात्र मुद्दाम अहो-जाहो.

"तुमची गत तर सवत आलेल्या बाईसारखी झाली," त्याची बायको सिंधू एकदा ताट वाढताना म्हणाली.

"काही बी बोलू नको वं."

"मी कायले बोलू. तुमीच झोपीत 'सरळ ठेवा, सरळ ठेवा' करून राहिले होते."

नागसेन पाणी प्यायला आणि उठला. बायकोचं खरं असलं की तो पाणी पीत असे.

*

जुनी बोट आता थकली होती. तळाला चीर गेलेली, इंजिन धूर ओकणारं. नवी घ्यायची हे ठरलंच होतं, फक्त कोणती एवढंच बाकी होतं. आणि तिथेच सगळं अडलेलं होतं. पुढच्या हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा होती, आणि जुन्या बोटीमागे तिची तयारी होणं शक्य नव्हतं. कुशलने दीपमालाला सरळ सांगितलं होतं, की इथे धड बोट आली तर उन्नती इथेच राहून खेळेल; नाही आली तर तिला भोपाळला, त्याच्या गुरूंकडे न्यावं लागेल. दीपमालाने हे नागसेनला सांगितलं तेव्हा ती पदराने खिडकीची काच पुसत होती.

"भाऊ, चांगली बोट येऊ द्या," ती म्हणाली. "तुमचंच ऐकतात बाबारावजी."

नागसेन नुसता हसला, कारण ती बोट त्याने केव्हाच शोधून ठेवली होती.

कुशल येण्याच्याही आधीपासून तो मोबाइलवर बोटी बघत असे. लोक क्रिकेट बघतात तसा हा बोटी बघायचा. त्याला दोन प्रकार नेहमी दिसायचे. एक मोठी, उंच काठाची, मागे दणकट इंजिन लटकवलेली. तिच्यात खूप माणसं बसतात, तिच्यामागे लाट उंच उठते, आणि रबरी ट्यूबवर बसलेले लोक त्या लाटेवर उडाले की खूश होतात. पण त्या उंच लाटेवरून पट्टीवाला धडपणे आरपार जाऊ शकत नाही. दुसरी स्कीची खास बोट. इंजिन पोटात, पंखा तळाखाली, मागे लाट जवळजवळ नाहीच. स्कीला तिच्यासारखी दुसरी नाही. पण एप्रिलमध्ये पाणी उतरलं की तळाखालचा तो पंखा सागाच्या खुंटावर आपटणार आणि बोट पुढच्या पावसापर्यंत काठावर. एक पोरीच्या कामाची नाही, दुसरी तलावाच्या.

आणि मग त्याला तिसरी दिसली. बुटकी, हलकी, तळ बराच सपाट. इंजिन मागे लटकवलेलं, म्हणजे उथळ पाण्यात वर उचलता येणारं. मागची लाट लहान. दोर बांधायला मधोमध खांब, म्हणजे पट्टीवाला कितीही बाजूला गेला तरी बोटीचं शेपूट ओढलं जात नाही. माणसं कमी बसतात, पण ट्यूबही ओढते. नागसेनने तिचे व्हिडिओ पाठ होईपर्यंत बघितले. वळणावर ती कशी बसते, किती झुकते, सगळं बघितलं. एकदा त्याने उन्नतीला मोबाइल दाखवला.

"हे पाह्य. तुह्यासाठी."

"मस्त आहे काका."

"कोणाले सांगू नको आताच. बाबारावजीले मी बरोबर टायमावर सांगीन."

*

ती वेळ आली फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, बाबारावजींच्या धरमपेठेतल्या घरी. बाबारावजींची सगळी कमाई कळमन्यातल्या संत्र्याच्या अडतीतली. पाण्याचा धंदा त्यांनी हौसेने घेतलेला. समोर सांबारवडीची ताटली, टीपॉयवर दोन बोटींची रंगीत चित्रं. ढिगातली संत्री बघावीत तसे ते चित्रं उलटीपालटी करून बघत होते.

"नागसेन, मले बोटीतलं घंटा समजत नाही," ते म्हणाले. "मले संत्रं समजते. बोट एकच येईन. रविवारची गर्दी बी तिनंच ओढली पाहिजे अन् या पोरीची स्की बी. चालवणार तू, तर तूच सांग."

एका कोचावर कुशल आणि उन्नती, समोरच्या खुर्चीत नागसेन. त्याने दोन्ही बोटींचं सगळं खरं खरं सांगितलं. लाट सांगितली, पंखा सांगितला, खुंट सांगितले. बाबारावजी मान हलवत होते. बोलताना नागसेनला बरं वाटत होतं. आता फक्त तिसरी बोट काढायची होती, आणि ती नीट काढायची म्हणून त्याने चहाचा घोट घेतला.

"काका," कुशल म्हणाला, "आणखी एक आहे ना? तिसरी?"

आणि तो हसला.

नागसेनने कप खाली ठेवला. तिसरी याला कशी माहीत? त्याने उन्नतीकडे बघितलं. ती सांबारवडीचा तुकडा मोडत होती. म्हणजे हिने सांगितलं. कोणाला सांगू नको म्हटलेलं हिने नेमकं यालाच सांगितलं. मागच्या सीटवर बसून उन्नती याने घेतली, आणि आता नागसेनने रात्रंदिवस जपलेली बोटही हा चार माणसांत, हसत, सहज टीपॉयवर मांडणार.

"कोणती तिसरी?" नागसेन म्हणाला.

कुशलने उन्नतीकडे बघितलं. "ती... खांबवाली."

"मले नाही माहीत. तुमीच सांगा."

मग कुशलला सांगावंच लागलं. त्याने मोबाइल काढला आणि बाबारावजींच्या शेजारी जाऊन बसला. इंजिन वर उचलता येतं, लाट लहान, मधला खांब, ट्यूबही ओढते. एकेक शब्द बरोबर होता. नागसेनने सांगितलं असतं तर हेच सांगितलं असतं, याच क्रमाने. त्याला ते ऐकवेना.

"बरी दिसते हे," बाबारावजी म्हणाले. "दोन्ही कामं करते. काय गा नागसेन?"

"दिसायले बरी आहे साहेब." नागसेनचा आवाज अगदी शांत होता, त्याचं त्यालाच नवल वाटलं. "पण हलकी आहे. रविवारी ट्यूब बांधली, वर लोकं उभे राहून फोटो काढते, आयकत नाही कोणी. वळणावर डोलली, पलटली, तर पेपरात नाव तुमचं येईन."

बाबारावजींचा हात मोबाइलवरून मागे आला. संत्री सडली तर ढीग फेकता येतो; माणूस बुडाला तर काय करायचं, ही त्यांची जुनी धास्ती नागसेनला पक्की ठाऊक होती.

"काका, ती डोलत नाही," कुशल म्हणाला. "मी चालवलीय तशी, भोपाळला."

"या पाण्यात चालवली का जी?"

"इथे नाही, पण..."

"मंग?"

ती बोट डोलत नव्हती. हे त्या खोलीत कुणाला खात्रीने माहीत असेल तर ते नागसेनला.

बाबारावजी उन्नतीकडे वळले. "तू काय म्हणतं वं पोरी? तुह्यासाठीच तर चाललं हे सगळं."

उन्नतीने नागसेनकडे बघितलं. चांगलं सरळ बघितलं, आणि बराच वेळ. तिने तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात त्याची लाज गेली असती: काका, तुम्हीच तर दाखवली होती.

"काका चालवतात जी," ती म्हणाली. "काका म्हणतील थेच बरोबर."

मोठी बोट ठरली.

परतीच्या बसमध्ये नागसेन खिडकीशी बसला होता. कुशल आणि उन्नती पुढच्या सीटवर. आपण जिंकलो असं नागसेनला वाटलं. ते मनसरपर्यंत टिकलं. पुढे रस्ताभर त्याला उन्नतीचं ते बघणं दिसत राहिलं, आणि जिंकल्याचा राग येऊ लागला.

अजूनही वेळ गेलेली नव्हती. आठवडाभराने बाबारावजींचा फोन आला तेव्हा तो काठावर बसून दोर तपासत होता.

"उद्या पैसे भरून राहिलो गा. मोठीचं पक्कं ना?"

नागसेन उठून उभा राहिला. साहेब, थांबा जरा, मी चुकीचं बोललो. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात पलीकडे झाडाखाली हसण्याचा आवाज आला. कुशलने दोर झाडाला बांधला होता आणि उन्नती जमिनीवरच मागे झुकून वळायचा सराव करत होती. ती घसरून बसली, आणि दोघं पोट धरून हसत होती. नागसेनसोबत ती अशी कधी हसली होती का, हे त्याला आठवेना. हसलीही असेल, पण तो समोर बघत होता.

"आयकून राहिला का?" बाबारावजी विचारत होते.

"पक्कं साहेब," तो म्हणाला.

*

एप्रिलच्या सुरुवातीला बोट ट्रेलरवरून उतरली. बाबारावजींनी नारळ फोडला, पेढे वाटले. लाल पट्ट्याची, पांढरीशुभ्र, बघत राहावी अशी बोट होती. पहिल्याच रविवारी नागपूरहून गाड्यांची रांग लागली. ट्यूब लाटेवर उडायची, माणसं किंचाळायची, भिजून खाली उतरली की पुन्हा तिकीट काढायची. बाबारावजींनी नागसेनची पाठ थोपटली. दीपमालाला खिडकीतून मान वर करायला फुरसत नव्हती.

सोमवारी उन्नती तिच्यामागे उतरली.

नागसेनने जीव ओतून चालवली. लिव्हर इतका हळू ढकलला की इंजिनालाही कळू नये. ती उठली. सरळ होती तोवर ठीक. मग ती बाजूला गेली, आणि परत येताना ती उंच लाट आडवी आली. आरशात निळा ठिपका वर उडाला आणि नाहीसा झाला.

"थांबवा," कुशल म्हणाला.

पुन्हा उठली, पुन्हा पडली. नागसेनने वेग कमी केला, वाढवला, लांब वळसा घेऊन शांत पाण्यात नेली. लाट बोटीची होती. ती जिथे बोट जाईल तिथे येणारच. शेवटी त्याने नियम मोडून मागे वळून बघितलं. उन्नती पाण्यात जॅकेटवर तरंगत होती, नाकातून पाणी गेलेलं, डोळे लाल. बोललो होतो ना मी, असं कुशल म्हणाला नाही. म्हणाला असता तर नागसेनला भांडता आलं असतं.

बोट जवळ गेली तशी तिने काठ धरला.

"मलेच जमून नाही राहिलं काका," ती म्हणाली. "बोटीचं काही नाही."

नागसेनने तिला हात देऊन वर घेतलं.

*

मेच्या मध्यात ती निघाली. शनिवार होता, सकाळीच उन्हाचा कडाका. कुशलने भाड्याने आणलेली जीप फाटकाशी उभी होती आणि दीपमाला त्यात पिशव्या कोंबत होती. लाडू, चिवडा, लोणचं; भोपाळला जणू खायला मिळत नाही. नागसेन धक्क्यावर ट्यूबमध्ये हवा भरत होता. निरोपाला फाटकाशी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, म्हणून त्याने हे काम काढलं होतं.

उन्नती स्वतःच धक्क्यावर आली.

"जातो काका."

"हाव. जाय. नीट राह्य. पाणी नवं आहे तिथलं, आधी पाहून घेजो."

ती तशीच उभी राहिली. हवेच्या पंपाचा आवाज मध्ये होता. नागसेनने पंप बंद केला.

"काका, एक सांगू? राग नका मानू."

"सांग."

"सरले ते तिसरी बोट मीच दाखवली होती. तुमी सांगू नको म्हटलं होतं, माझी चुकी झाली. पण तुमीच शोधली हेही सांगतलं होतं मी. सर तर खूश झाले. म्हणे, धरमपेठेले आपण काही बोलायचं नाही, काकांची बोट आहे, काकाच सांगतील. जाताना बसमध्ये पूर्ण रस्ताभर मले तेच सांगत होते." ती ट्यूबच्या कडेवर हात फिरवत होती. "मग तुमी चहा पीत बसले. सरले वाटलं, तुमी लाजून राहिले. म्हणून त्यायनं तुमाले आठवण दिली."

नागसेनने काठाच्या पाण्याकडे बघितलं. हसला होता तो. तिसरी आहे ना, असं म्हणून हसला होता, आणि नागसेनने त्या हसण्याचा जो अर्थ लावला होता तो सगळा त्याचा स्वतःचा होता.

"तू काहून नाही बोलली तवा?" त्याने विचारलं. "बाबारावजीनं विचारलं होतं ना तुले."

"त्यायच्यासमोर कशी बोलू," उन्नती म्हणाली. "तुमाले खोटं पाडू का मी?"

ती सहज म्हणाली हे. मग वाकली, त्याच्या पाया पडली, आणि तो काही म्हणेपर्यंत निघालीही.

मागून कुशल आला. त्याने हात पुढे केला. नागसेनने ओले हात पॅन्टला पुसले आणि तो हात धरला.

"काका, चला ना तिकडे," कुशल म्हणाला. "तिथला ड्रायव्हर झटका देतो. पोरं उठताना खांदे धरतात. मी गुरुजींशी बोलतो. तुमच्यासारखं सरळ कोणी ठेवत नाही."

नागसेनला हा माणूस कधीच वाईट वाटला नसता, तर किती सोपं झालं असतं. आता हो म्हणायला तोंड कुठून आणायचं?

"सीझन आहे जी इथं," तो म्हणाला. "मले कोण सोडते."

"बघा. विचार करा."

"हाव. पोरीले सांभाळा."

जीप धूळ उडवत गेली. दीपमाला फाटकाशी थोडा वेळ उभी होती; मग खिडकीत येऊन बसली, कारण पहिली गाडी येऊन थांबलीच होती. नागसेनकडे तिने बघितलं नाही. तिला काही माहीत नव्हतं. चांगली बोट येऊ द्या म्हणाली होती, आणि चांगली बोट आली होती.

गाडीतून धरमपेठेकडचं एक मोठं कुटुंब उतरलं. आजोबा, सुना, गॉगल लावलेली पोरं. नागसेनने एकेकाला जॅकेट चढवलं, पट्टे आवळले, ट्यूबवर कुठे धरायचं ते दाखवलं. आजोबा ट्यूबवर बसायला तयार नव्हते, म्हणून त्याने त्यांना बोटीत, मागे तोंड करून बसायच्या जागेवर बसवलं आणि सांगितलं, "पोरायकडं पाहात राहा जी. कोणी पडलं तर मले आवाज द्या."

"तुम्ही नाही बघत?"

"मले समोर पाहावं लागते."

आजोबांनी गादीवर हात फिरवला, लाल पट्टा निरखला, चकचकीत इंजिनाकडे कौतुकाने बघितलं.

"बोट मात्र भारी घेतली हो," ते म्हणाले. "माहीतगार माणसाचं काम दिसतं. कोणी निवडली?"

दोर ताणला गेला होता. मागे पोरं आतापासूनच किंचाळत होती.

"मी," नागसेन म्हणाला, आणि त्याने लिव्हर हळूहळू पुढे ढकलला.